लेकराच्या हाती वाद्य द्यावे ते कशासाठी?

शाळेतल्या लहान मुलांना वाद्य शिकवावे काय, असे विचारले तर बहुतेक मंडळी "हो, शिकवावे की, त्यात वाईट काय आहे?" असे म्हणून मोकळी होतात. इथवर कोणाचा वाद नाही. पण पुढे तीन प्रश्न विचारून पाहा. कोणत्या मुलाला शिकवावे? मुलाच्या मनात नसले तरी शिकवावे काय? आणि शिकवून मिळवायचे काय? इथे आले की तीच मंडळी अडखळतात. कोणी म्हणतो, ज्याच्या अंगात आहे त्यालाच शिकवा, उगाच सगळ्यांच्या मागे लागू नका. कोणी म्हणतो, वाजवायला शिकले की गणित सुधारते म्हणतात, म्हणून शिकवा. कोणी म्हणतो, पोरगं टीव्हीवर चमकलं तर घराचं नशीब उघडेल, म्हणून शिकवा. हे प्रश्न वरवर पाहता शिक्षणखात्याचे वाटतात. थोडे आत शिरले म्हणजे दिसते की हे अधिकाराचे, सक्तीचे आणि फळाच्या आशेचे प्रश्न आहेत, आणि ही तिन्ही प्रकरणे आपल्या वाचकांच्या चांगल्या ओळखीची आहेत. म्हणून त्यांचा येथे विचार करू.

प्रथम वस्तुस्थिती पाहावी. एखादी खेड्यातली प्राथमिक शाळा डोळ्यांपुढे आणा. वर्गात तीसचाळीस मुले, शाळेला एक पेटी, तीही वर्षभर कपाटात. स्नेहसंमेलन जवळ आले की पेटी बाहेर निघते, तिच्यावरची धूळ झटकली जाते आणि निवड सुरू होते. गुरुजी एकेकाला उभे करून दोन ओळी म्हणावयास लावतात, ठेका धरावयास लावतात आणि पाचसहा मुले बाजूला काढतात. एकाला खंजिरी, एकाला झांज, एखाद्या भाग्यवंताला पेटीचा भाता. बाकीची पोरे मागच्या रांगेत. त्यातही एखादे पोर फारच बेसूर लागले तर त्याला हळूच सांगण्यात येते, "तू नुसतं तोंड हलव बरं का, आवाज काढू नकोस."

सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. कार्यक्रम चांगला व्हावा एवढीच त्याची इच्छा. पण सात वर्षांच्या जिवाला त्या वाक्यात निकाल ऐकू येतो, आणि तो जन्मभर पुरतो. हाच मुलगा पुढे पन्नाशीला येतो, देवळात भजनाला बसतो, शेजारचा माणूस प्रेमाने टाळ पुढे करतो, तर हा हात मागे घेतो. "आपल्याला नाही बुवा त्यातलं काही कळत." अहो, कळत नाही हे तुम्हाला कोणी सांगितले? कोणी कधी शिकवले होते काय? आधी शिकवावे आणि मग परीक्षा घ्यावी, ही जगाची रीत. इथे न शिकवताच परीक्षा झाली आणि न शिकवताच नापास केले. अक्षरांच्या बाबतीत असे कोणी करील काय? पहिलीतल्या मुलाला 'ग' नीट काढता आला नाही म्हणून "तू नुसती पेन्सिल हलव" असे कोणता गुरुजी म्हणेल?

आता याच्या शेजारी दिंडीतली टाळकऱ्यांची ओळ ठेवून पाहा. तिथे टाळ देण्याआधी कोणाची परीक्षा होत नाही. टाळ आधी गळ्यात पडतो आणि वाजावयास मागाहून लागतो. लहान पोर बापाच्या नाही तर चुलत्याच्या शेजारी उभे राहते. पहिल्या दिवशी त्याचा टाळ भलतीकडेच वाजतो. कोणी रागावत नाही, कारण दहा टाळांत एक चुकला तर ओळ मोडत नाही. उलट ती ओळच त्या एकाला सांभाळून घेते. पोर शेजारच्याच्या पायाकडे पाहते, मृदंगाकडे कान लावते आणि चारदोन दिवसांत त्याचा हात आपोआप ओळीत येतो. तिथे 'अंगात असणे' हा शब्दच कोणी काढीत नाही. इथे ज्याला आपण अधिकार म्हणतो तो येऊन उभे राहण्याने मिळतो. आमचे म्हणणे असे की, प्राथमिक शाळेतल्या वाद्यशिक्षणाला हीच रीत लागू करावी. आरंभ सर्वांना मिळावा, निवडून मिळू नये.

यावर पहिली शंका अशी घेतली जाते की, लय आणि सूर ही उपजत देणगी आहे; जिथे ती नाही तिथे शिकवून काय उपयोग? या शंकेला जपानातल्या एका शिक्षकाने आपल्या कामानेच उत्तर दिले आहे. शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) हे व्हायोलिनचे शिक्षक. महायुद्ध संपल्यावर १९४६ साली मात्सुमोतो या गावी त्यांनी मुलांना शिकविण्यास आरंभ केला. त्यांचा मुद्दा इतका साधा की ऐकून हसू यावे. ते म्हणत, जपानातले प्रत्येक मूल जपानी बोलते. ही भाषा मोठी अवघड, तरी मुलाला भाषेचे अंग आहे की नाही हे आई आधी तपासून पाहत नाही. ती बोलत राहते, मूल ऐकत राहते आणि एक दिवस बोलू लागते. वाद्यही तसेच शिकवावे. आधी पुष्कळ ऐकवावे, मग हातात द्यावे; हात लहान असेल तर वाद्यही लहान करून द्यावे. तीनचार वर्षांची मुले त्यांच्याकडे येत, आणि मुलाआधी आईला थोडे वाजवावयास शिकवीत, म्हणजे तिला वाजवताना पाहून मुलाला आपणहून वाजवावेसे वाटे. कसबी वादक तयार करणे हा आपला हेतू नसून चांगली माणसे घडावीत एवढेच आपल्याला पाहिजे, असे ते सांगत.

सर्व मुलांची झेप सारखी असते, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. भाषा सगळ्यांना येते, पण कवी सगळे होत नाहीत. एखाद्याचा हात महिन्यात बसतो, एखाद्याला वर्ष लागते. परंतु बोलता येणे आणि कवी होणे यांच्यामध्ये मोठा मुलूख आहे, आणि त्या मुलखात प्रत्येक मुलाला जागा आहे.

सुझुकींच्या पद्धतीत एक अडचण मात्र आहे, तीही सांगितली पाहिजे. तिथे आईला वेळ पाहिजे आणि घरात वाद्य पाहिजे. जी माय सकाळी भाकरी बांधून दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, ती मुलाबरोबर वाद्य शिकायला केव्हा बसणार? शहरातही तेच. शिकवणीची फी ज्याला परवडते त्याचे मूल तबल्याला जाते. ज्याला परवडत नाही त्याचे मूल खिडकीबाहेरून ऐकते. म्हणून हे काम घरावर किंवा शिकवणीवर सोडून भागणार नाही. बहुतेक सगळ्यांची लेकरे ज्या एका दारातून आत जातात ते दार प्राथमिक शाळेचे आहे. तिथे मिळाले नाही तर पुष्कळांना पुढे कुठेच मिळत नाही.

दुसरी शंका व्यवहारी माणसाची. तो म्हणतो, "सगळ्यांना थोडंथोडं शिकवून कोणाला काहीच येत नाही. त्यापेक्षा पाच जणांना नीट शिकवा, बाकीचे ऐकतील." ही शंका फार जुनी आहे. ग्रीस देशातला तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, राज्यव्यवस्थेवरच्या आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात, हाच प्रश्न उभा केला आहे. वाजविणारे वाजवितातच, आपण ऐकावे आणि आनंद घ्यावा. मग मुलांनी स्वतःच्या हातांनी का शिकावे? त्याचे उत्तर असे की, ज्याने स्वतः कधी हात घातला नाही त्याला दुसऱ्याच्या कामातले चांगलेवाईट नीट पारखता येणे फार कठीण. म्हणून लहानपणी हाताने शिकावे. मोठेपणी वाजविणे सुटले तरी पारख उरते आणि योग्य गोष्टीत आनंद मानण्याची सवय उरते. लहान मुलाला स्वस्थ बसवत नाही, म्हणून त्याच्या हाती खुळखुळा देतात. आर्किटास नावाच्या माणसाने केलेल्या अशा एका खुळखुळ्याची तो वाखाणणी करतो, कारण तो हातात असला की पोर घरातल्या वस्तू फोडीत नाही. आणि पुढे म्हणतो की, मोठ्या मुलांचा खुळखुळा म्हणजे शिक्षण. हे वाचताना वाटते, हा गृहस्थ पोराबाळांच्या घरात वावरलेला असावा.

त्याने आणखी एक मर्यादा घातली आहे, ती आजच्या पालकांनी कान देऊन ऐकावी. चढाओढीत चमकण्यासाठी जी कसरतीची तयारी लागते, ती मुलांना शिकवू नये, असे तो सांगतो. कारण तसा वाजविणारा स्वतःच्या सुधारणेकरिता वाजवीत नाही, ऐकणाऱ्याला खूश करण्याकरिता वाजवितो. आणि ऐकणारा हलका असला की वाजविणाराही हलका होत जातो. आज नऊदहा वर्षांच्या मुलाला दिव्यांच्या झगझगाटात उभे करून, गुण देऊन, काढून टाकून, रडवून ते रडणे घरोघर दाखवितात. त्यावर अधिक काय बोलावे!

तथापि ॲरिस्टॉटलचे सगळेच आपण घेऊ शकत नाही. पोटासाठी वाजविणाऱ्या माणसाला तो हलका समजतो. ही समजूत आपल्याकडेही होती, आणि खरे सांगायचे तर अजून पुरती गेलेली नाही. 'गाणंबजावणं' हा शब्द आपल्या घरांतून कोणत्या सुरात उच्चारला जात असे, ते जुन्या माणसांना विचारा. मुलाने अभ्यास सोडून पेटीला हात लावला की घराण्याला बट्टा लागल्यासारखे वाटे. हा कलंक पुसण्यासाठी ज्यांनी हाडे झिजविली त्यांत कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेले विष्णू दिगंबर पलुस्कर अग्रभागी होते. लहानपणी दारूकामाच्या अपघाताने त्यांची दृष्टी अधू झाली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याजवळ त्यांनी विद्या घेतली. आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय उघडले. त्यापूर्वी ही विद्या एक तर दरबारात होती, नाही तर घराण्याच्या कोंड्यात. शाळेसारखे दार उघडून, वर्ग घालून, पुस्तके छापून ती सामान्य घरांतल्या मुलाबाळांपुढे ठेवण्याचे धैर्य त्यांनी केले. तेव्हा वाजविणाऱ्याला हलके लेखण्याचा भाग आपण सोडून द्यावा, आणि पारखीचा भाग तेवढा घ्यावा.

तर मग व्यवहारी माणसाला उत्तर काय? उत्तर हे की, वाटा दोन आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. पहिली दोनतीन वर्षे सर्वांची. तिथे कोणाला वगळायचे नाही. त्यानंतर ज्याला गोडी लागेल त्याची साधना. तिथे मात्र ढिलाई चालणार नाही. तिथे गुरू पाहिजे, रोजचा रियाज पाहिजे आणि हाताला घट्टे पडले पाहिजेत. पाच जणांना नीट शिकवा हे म्हणणे बरोबरच आहे. परंतु ते पाच कोणते हे सहासात वर्षांच्या वयात दोन ओळी म्हणवून घेऊन कसे कळणार? चाळीस जणांनी दोन वर्षे हात चालवावा, म्हणजे ते पाच आपले आपण पुढे येतील, आणि उरलेले पस्तीस जण त्यांचे जाणते श्रोते होतील.

तिसरा प्रश्न फळाचा. आज पालकाला पटवायचे तर 'वाद्य शिकल्याने बुद्धी वाढते, गणितात गुण पडतात' असे सांगण्याची चाल पडली आहे. याचा उगम मोठा गमतीचा आहे. १९९३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. छत्तीस महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्टचे संगीत ऐकविले, तेव्हा आकृत्यांची कोडी सोडविण्यात त्यांची थोडी प्रगती दिसली. आणि तीही दहापंधरा मिनिटांत मावळली. एवढ्याशा गोष्टीचा केवढा डांगोरा पिटला गेला! १९९८ साली त्या देशातल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाला संगीताची ध्वनिमुद्रिका देता यावी म्हणून १,०५,००० डॉलर मागितले. पुढे नुसते ऐकण्याऐवजी प्रत्यक्ष शिकण्याचाही अभ्यास झाला. सर्व जगातले असे पन्नासहून अधिक प्रयोग एकत्र तपासून २०२० साली दोन संशोधकांनी निष्कर्ष मांडला. जिथे प्रयोग काटेकोर होता, म्हणजे मुलांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे झाली होती आणि दुसऱ्या गटालाही दुसरे काही तरी शिकविले होते, तिथे बुद्धी आणि शालेय गुण यांवर संगीताचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला.

हे ऐकून कोणाचा हिरमोड होईल. आम्हाला तर यात हित दिसते. गणितासाठी मृदंग शिकवायचा, तर गणिताचे गुण वाढले नाहीत की दुसऱ्या दिवशी मृदंग बंद! फळावर नजर ठेवून धरलेली वस्तू फळ न दिसताच हातून सुटते. गणित पाहिजे असेल तर सरळ गणित शिकवावे. वाद्य शिकवायचे ते वाद्यातच जे आहे त्यासाठी.

मग वाद्यात आहे तरी काय? मुलाला दोन गोष्टी त्यात मिळतात. एक म्हणजे ऐकणे. चाळीस मुले एकदम टाळ वाजवू लागली की प्रथम नुसता गोंगाट होतो. जो तो आपलाच टाळ जोराने वाजवितो, कारण त्याला आपलाच आवाज ऐकू यावा असे वाटते. मग गुरुजी सांगतात, "शेजाऱ्याचा ऐका, आपला हळू करा." त्या दिवशी मुलाला कळते की आपला आवाज थोडा खाली घेतल्याशिवाय मेळ बसत नाही. हे त्याला शंभर वेळा तोंडी सांगून समजले नसते. दुसरी गोष्ट म्हणजे खरेपणा. टाळ चुकला की चुकला. तिथे सबब चालत नाही, वशिला चालत नाही, बाप सरपंच असला तरी सम हुकली ती हुकलीच. आणि त्या चुकीची शिक्षाही नसते. पुढचे आवर्तन लगेच येते आणि पुन्हा संधी देते. चूक लपवायची नाही आणि तिने खचायचेही नाही, हे ज्या वयात शिकावे ते हेच वय. बाराचौदा वर्षांचे झाले म्हणजे लाज येते, चारचौघांत चुकण्याची भीती वाटते. सहासात वर्षांच्या पोराला ही भीती नसते; म्हणून प्राथमिक शाळेचा आग्रह.

आता सक्तीचा प्रश्न. मुलाला नको असेल तर? या बाबतीत प्लेटोचे दोन ग्रंथ दोन गोष्टी सांगतात. आपल्या 'रिपब्लिक'मध्ये तो म्हणतो की, बळजबरीने शिकविलेले मनात टिकत नाही, यास्तव मुलांना खेळता खेळता शिकवावे. आणि म्हातारपणी लिहिलेल्या कायद्यांवरच्या ग्रंथात तोच सांगतो की, मुलाने तेराव्या वर्षी तंतुवाद्य हाती घ्यावे, तीन वर्षे शिकावे, आणि मुलाला आवडो न आवडो, बापाला वाटो न वाटो, ही मुदत कोणी कमी करू नये आणि वाढवूही नये. एकाच माणसाच्या दोन तोंडांची ही गोष्ट पाहून हसण्याचे कारण नाही. प्रत्येक आईबापाची ही दोन तोंडे असतात.

आमच्या मते यातून वाट अशी निघते. ज्या गोडीची मुलाला चवच ठाऊक नाही, ती नको म्हणण्यात त्याची खरी इच्छा नसते. कारले न चाखता नको म्हणणारे पोर असते, तसेच हे. तेव्हा चव घेण्यापुरता आग्रह आईबापांनी व गुरुजींनी जरूर करावा. वर्गातल्या सर्वांबरोबर, आठवड्याचे दोन तास, वर्ष दोन वर्षे, एवढी सक्ती ही सक्ती नव्हे. ती पंगतीत सर्वांबरोबर पान मांडण्यासारखी आहे. परंतु चव घेतल्यावरही पोर नको म्हणाले, तर मग त्याला सोडावे, आणि रागाने सोडू नये. बापाला स्वतःला शिकता आले नाही म्हणून पोराने विशारद झालेच पाहिजे, असा हट्ट धरणारी मंडळी पाहण्यात येतात. पोर खोलीत कोंडून रडत रियाज करते आणि बाप बाहेर बसून घड्याळ पाहतो. अशा घरातून वादक निघालाच तरी वाद्यावर प्रेम करणारा निघेल काय, ही शंकाच आहे. आरंभ करविण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांचा. पुढे चालण्याचा अधिकार मुलाचा.

शेवटची शंका आपल्याच मंडळींची आहे, आणि ती मानाने ऐकली पाहिजे. ते म्हणतात, "नामाला वाद्य लागत नाही. देवाने गळा दिला आहे. मुलांना गाऊ द्या, वाद्याचं लोढणं कशाला?" गळा आधी, हे आम्हासही मान्य. हंगेरी देशातले संगीतकार झोल्तान कोडाय यांनीही हेच सांगितले. त्यांच्या जन्मगावी, केचकेमेत येथे, १९५० साली अशी प्राथमिक शाळा निघाली की जिथे गाणे रोजच्या शिक्षणाचा भाग झाले, आणि आधी गळा, मग वाद्य असा तिथला क्रम. आपले मृदंगाचे उस्तादही काही निराळे करीत नाहीत. ता, दीं, थों, ना हे बोल आधी तोंडाने म्हणवून घेतात, मग हात लावू देतात. पण गळा आधी म्हणजे गळाच फक्त, असे नाही. काही पोरांचा सूर लवकर लागत नाही, काहींना तोंड उघडायचीच लाज वाटते. अशा पोराला हातातला टाळ मोठा आधार होतो. त्याचे पाऊल आणि हात ओळीत आले की पुढे गळाही भीतभीत येतो.

शिवाय वाद्य निवडतानाच हा विचार करता येतो. ग्रीक लोकांत आपल्या सनईच्या जातीचे, फुंकून वाजवायचे जोडवाद्य होते. ॲरिस्टॉटलने ते शिक्षणातून वगळले. ते मन भडकविते हे एक कारण, आणि ते वाजविताना तोंडाने शब्द बोलता येत नाही हे दुसरे. आमचे सनईशी वैर नाही. मंगलकार्यात तिच्यावाचून शोभा नाही. तरी पण ज्या कोणी टाळ, मृदंग आणि वीणा ही जोडणी केली त्यांनी तोंड मोकळे ठेवले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हात काम करतात, पाय चालतात आणि मुख नामाला मोकळे. लहान मुलासाठी हीच सोय उत्तम, कारण वाजविता वाजविता ते गातेही.

आता खर्चाचे काय? प्रत्येक शाळेला वाद्ये कुठून येणार, आणि शिकवणार कोण? यात भिण्यासारखे फार थोडे आहे. टाळाला सूर लावावा लागत नाही, तो मोडत नाही, एक जोड पिढी दोन पिढ्या टिकतो. लेझीम तर आपल्या शाळांतून पुष्कळ वर्षे आहेच. तिला आपण कवायतीचे साधन मानतो, पण लाकडी दांडा, साखळी आणि चकत्या मिळून ते चांगले तालवाद्य आहे. पंधरा ऑगस्टची मिरवणूक झाली की ती खोलीत पडते, ती वर्षभर वापरावी. आठनऊ वर्षांच्या मुलाचे हात दोन्ही पुड्यांना पोचू लागले की लहान मृदंग द्यावा. मृदंगाच्या डाव्या पुडीला कणीक मळून लावावी लागते आणि वाजवून झाल्यावर ती खरवडून काढावी लागते. हे काम मुलांकडून करवून घ्यावे. वाद्याची सेवा केल्याशिवाय वाद्य बोलत नाही, हे त्यातून कळते.

पेटीची गोष्ट निराळी. तिच्यावर एका काळी मोठा वाद झाला. तिचे सूर ठरलेले, तिच्यातून मींड निघत नाही, म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला बंदी केली आणि ती सुमारे तीस वर्षे चालली. आज तो वाद शमला आहे आणि पेटी भजनात सर्वत्र आहे. पण बालवर्गापुरता त्या आक्षेपातला एक सारांश घेण्यासारखा आहे. पेटीवर बोट दाबले की सूर तयार मिळतो. तो कानाने शोधावा लागत नाही. म्हणून पेटी गुरुजींच्या हाती आधाराला असावी आणि मुलांनी आधी ताल व गळा यांवर कान तयार करावा. मोबाईलमधल्या तबल्याचेही तेच. तो कधी चुकत नाही आणि आपल्यासाठी कधी थांबतही नाही. शेजारचे माणूस थांबते, सांभाळून घेते.

राहिला शिकवणारा. ज्या गावात भजनी मंडळ आहे त्या गावात मृदंग वाजविणारा आहेच. पुष्कळदा तो शेतकरी असतो, शिंपी असतो, गवंडी असतो. त्याच्याजवळ प्रमाणपत्र नसते पण हात असतो. शाळेने त्याला आठवड्यातून दोन वेळा मानाने बोलवावे आणि जमेल तशी बिदागी द्यावी. फुकट राबवू नये. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथून शिकून गेलेली मंडळी गावोगाव आहेत, त्यांनीही हे काम आपले मानावे. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि इतर विषय यांत उच्चनीच भिंत नसावी असे म्हटले आहे. कागदावरचे ते वाक्य खरे करावयास सरकारी माणसापेक्षा गावचा मृदंगी अधिक उपयोगी पडेल.

मात्र दोन पथ्ये पाळावी. शाळा सर्वांची आहे. तिथे निरनिराळ्या धर्मांची लेकरे येतात. त्यांना ताल शिकवावा, आपला संप्रदाय त्यांच्या गळ्यात बांधू नये. तालाला धर्म विचारावा लागत नाही. आणि दुसरे, मुलींना मागे ठेवू नये. 'मृदंग पोरांचा आणि टाळ्या पोरींच्या' अशी वाटणी अजून काही ठिकाणी दिसते. आज मुली उत्तम मृदंग वाजवितात, कीर्तने करतात, हे आपण पाहतो. तरीही वर्गात मृदंग एकच असला की तो आधी मुलाच्या पुढ्यात जातो. तिथे गुरुजींनी जरा डोळा ठेवावा.

वाचकांत पुष्कळ जण शिक्षक आहेत, भजनी मंडळांचे चालक आहेत, आजे-आजी आहेत. त्यांना एवढीच विनंती की, येत्या स्नेहसंमेलनाला निवड करताना मागच्या रांगेकडे एकदा पाहावे. तिथल्या प्रत्येकाच्या हातात टाळ, लेझीम, खंजिरी, काही तरी असावे. कार्यक्रम कदाचित थोडा कमी सुबक होईल. पाहुण्यांच्या कानाला दोनचार टाळ मागेपुढे लागतील. ते त्यांनी सोसावे. नुसते तोंड हलविणारे एकही पोर त्या रांगेत नसावे.